अकूस्टिक गिटारच्या सोलोसाठी बूस्ट पेडल : सोलापुरातल्या दोन महिन्यांच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

काल जुळे सोलापुरात कार्यक्रम झाला. भावगीतं आणि जुनी चित्रपटगीतं, दोन गायक, तबला, ढोलक, सिंथ आणि मी. ताईने पहिल्या रांगेतून मोबाइलवर सगळं घेतलं होतं, ते आज सकाळी शांतपणे बसून ऐकलं. मुखडा, अंतरा, गिटारचे स्ट्रोक सगळं व्यवस्थित आहे. मग अंतऱ्याआधीचा माझा पीस, म्हणजे एकट्या गिटारचा सोलो, येतो आणि गिटार गायब. माझी बोटं फिरताना दिसतात, ऐकू येतो तो ढोलक. चारही गाण्यांत हेच.

तबल्यावरचे मामा म्हणाले, "तू वाजवत होतास ते दिसत होतं रे, ऐकू कुठं येत होतं?" फार लागलं, कारण त्या पिसांवर मी तीन आठवडे बसलो होतो.

कारण कळायला वेळ लागला नाही. स्ट्रोकला सहा तारा एकदम वाजतात, हात जोरात पडतो. पिसात एका वेळी एकच तार. तितक्याच लेव्हलला ती दबणारच. साउंडवाल्या अण्णांना आयत्या वेळी वर करायला सांगणं बरोबर नाही. त्यांच्याकडे आठ माइक असतात, आणि गाण्यात माझा पीस नेमका कुठे येतो हे त्यांनी का लक्षात ठेवावं? ते माझ्या पायाखालीच असायला हवं.

गिटारच्या अंगावरचा व्हॉल्यूम वापरून पाहिला. शेवटचा स्ट्रोक आणि पिसाचा पहिला सूर यांत अर्धी मात्रा मिळते. तेवढ्यात हात वर नेऊन, स्लायडर सरकवून परत तारेवर आणायचा. दहा वेळा केलं, सात वेळा पहिला सूर चुकला. तो मार्ग बंद.

१२ नोव्हेंबर

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मित्राकडून एमएक्सआर कंपनीचा मायक्रो अँप हा बूस्ट पेडल, म्हणजे पाय मारला की गिटारचा आवाज वाढवणारी डबी, आठवडाभरासाठी आणला. एकच बटण, पूर्ण फिरवलं की २६ डेसिबल. घरी छोट्या स्पीकरवर लावला, सवयीने बटण मध्यावर ठेवलं आणि पाय मारला. गिटार अशी घुमली की शेजारच्या काकू दारात आल्या.

मग आकडे नीट समजून घेतले. ६ डेसिबल म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज दुप्पट. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. २६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज वीसपट. इलेक्ट्रिकवाल्याला ते हवं असतं, कारण त्याला पुढच्या अँपमधून मुद्दाम फाटका आवाज काढायचा असतो. माझा पीस फक्त गाण्याच्या वर दिसायला हवा, त्याला ४ ते ६ पुरेत. या पेडलवर तेवढं बटणाच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला मिळतं. पेडल चोख आहे, माझं कामच वेगळं आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांबरोबर रियाज. मायक्रो अँपचं बटण जेमतेम हलवलेलं. पहिल्यांदाच पीस ऐकू आला आणि मामांनी मान डोलावली. पण सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी आला की गिटारचं पोट घुमायचं आणि तो सूर विझायचाच नाही. हा सूर ९८ हर्ट्झचा. मोठ्या पोटाच्या गिटारची आतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपासच घुमते. स्पीकरमधून तोच सूर परत पोटात शिरतो आणि चक्र सुरू होतं.

गिटारच्या भोकात बसणारं रबराचं झाकण मागवलं, २८० रुपये. पेडलवर पैसे घालण्याआधी हे घ्यावं असं आता वाटतं.

२१ नोव्हेंबर

मित्राला पेडल परत दिला. नवा घ्यायला आठ-नऊ हजार मोजण्यापेक्षा स्वतः बनवावा असं ठरवलं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही कंपनी १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. एलपीबी-१ हा बूस्ट त्यांचं पहिलंच उत्पादन आणि त्यात फक्त एक ट्रान्झिस्टर आहे. एवढं जमेल असं वाटलं.

पार्क चौकाजवळ रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक काका आहेत, सामान त्यांच्याकडून घेतलं. मूळ सर्किटमधला २एन५०८८ ट्रान्झिस्टर त्यांच्याकडे नव्हता, म्हणून त्यांनी बीसी५४९सी दिला. ४३० के (किलोओहम) आणि ४३ केचे रेझिस्टन्स नव्हते, त्याऐवजी ४७० के आणि ४७ के. झिरो पीसीबी (सोल्डरिंगसाठी भोकांची कोरी पट्टी), दोन सॉकेट, १०० केचा पॉट (व्हॉल्यूमचं फिरवायचं बटण), बॅटरीची टोपी, सगळं मिळून २१० रुपये. पायाने दाबायचं नऊ पायांचं स्विच ऑनलाइन मागवलं, १४० रुपये.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारभर सोल्डरिंग. संध्याकाळी जोडलं तर आवाजच नाही. दोन तास एकेक डाग तपासला, तीन डाग परत मारले. चूक साधी होती. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि बीसी५४९ चे बरोबर उलटे. मी सर्किटच्या नकाशात दिसला तसा बसवला होता. तोच फिरवून बसवला, आवाज आला.

आणि तो फाटका आला. हलक्या बोटाने छेडलं तर ठीक, जरा जोर लावला की सुराला काटे. व्हॉल्यूम कमी केला तर काटे तेवढेच, फक्त हळू. इथे डोकं खूप खाजवलं.

२६ नोव्हेंबर

काकांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. व्हॉल्यूमचा पॉट ट्रान्झिस्टरच्या पुढे आहे. म्हणजे सिग्नल आधी पंचवीसपट मोठा होतो आणि मग पॉट तो कमी करतो. ९ व्होल्टच्या बॅटरीत पंचवीसपट मावतं कुठं? माझ्या गिटारमध्ये आधीच बॅटरीचा प्रीअँप (सिग्नल आतच वाढवणारं सर्किट) आहे, तिचा सिग्नल नुसत्या पिकअपपेक्षा (तारांचं कंपन सिग्नलमध्ये बदलणारा भाग) कितीतरी तगडा. तो आतच फाटत होता.

कलेक्टरवर १० के आणि एमिटरवर ३९० ओहम, दोहोंचा भागाकार म्हणजे साधारण किती पट वाढणार ते. मला दुप्पट हवं होतं. घरी येऊन घाईघाईत ३९० काढून ४.७ के लावला.

आधीपेक्षा वाईट. आता हलका सूरही घसा बसल्यासारखा. मीटर लावला तर कलेक्टरवर ८.५ व्होल्ट. आधी चार-साडेचार होते. ९ ची बॅटरी आणि कलेक्टर साडेआठवर, म्हणजे सिग्नलला वर जायला जेमतेम अर्ध्या व्होल्टची जागा. एमिटरचा रेझिस्टन्स बदलला की ट्रान्झिस्टरमधला करंटही बदलतो, आणि मी बेसकडचे दोन रेझिस्टन्स जुनेच ठेवले होते.

काकांना फोन केला. "वरचा चारशे सत्तर काढ, दीडशे लाव, मग मीटर सांग." लावला. कलेक्टरवर पावणेसहा व्होल्ट. छेडलं. स्वच्छ! जोरात छेडलं, तरी स्वच्छ. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आईने दोनदा हाक मारली होती, आणि मी तो एकच पीस वीस वेळा वाजवला.

कुणी हेच करणार असेल तर एमिटरला ४.७ के, बेसला वरून १५० के आणि खाली ४७ के, कलेक्टरला १० केच. साधारण ६ डेसिबल मिळतात. गिटारमध्ये बॅटरीचा प्रीअँप असेल तरच हे लावा. प्रीअँप नसलेला नुसता पिएझो पिकअप थेट यात घातला तर खर्ज उडून जाईल आणि आवाज पत्र्यासारखा होईल, कारण या सर्किटचा इनपुट त्याच्यासाठी फार जड आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

वायरिंगच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत सगळं बसवलं होतं. ट्यूबलाइट लावली की घूंऽऽ. सर्किटला हात जवळ नेला की घूं वाढायची. अॅल्युमिनियमची डबी आणली, १९० रुपये. सॉकेटची अर्थिंग डबीला टेकली आणि घूं गेली. डबीला भोकं पाडताना ड्रिल सरकलं, अंगठ्याला लागलं, तीन दिवस स्ट्रोक नाही.

६ डिसेंबर, शनिवार

अण्णांच्या गोदामात मोठ्या साउंडवर चाचणी. त्यांनी वेळ दिला आणि पैसे घेतले नाहीत.

इथे जे झालं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. बूस्ट बंद असताना मॉनिटरसमोर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर, गिटार शांत. बूस्ट लावला की मोकळी ए तार घुमायला लागते. आवाज वाढला म्हणून घुमते असं मी धरून चाललो. पॉट इतका खाली आणला की बूस्ट चालू-बंद दोन्हीकडे आवाज सारखाच. तरीही बूस्ट लावला की घुमते. परवा घरच्या स्पीकरवरही हेच दिसलं होतं आणि मी केबल बदलत बसलो होतो.

अण्णा म्हणाले, "गिटारवरचं फेजचं बटण दाब की बे एकदा." दाबलं. आता बूस्ट चालू असताना शांत, आणि बंद केला की घुमणार! तेव्हा उलगडा झाला. एका ट्रान्झिस्टरचा हा बूस्ट सिग्नल उलटा करतो, वर जाणारी लाट खाली. स्पीकरमधून येणारी लाट आणि गिटारच्या पोटाची हालचाल यांचं नातं पाय मारला की बदलतं. इलेक्ट्रिक गिटारला याचा सहसा त्रास होत नाही. अकूस्टिकला पोट आहे, तिला होतो. सिग्नल सरळ ठेवणारं सर्किट हवं, म्हणजे अजून एक ट्रान्झिस्टर किंवा आयसी.

तिथेच रेकॉर्ड केलेलं रात्री ऐकलं आणि दुसरी गोष्ट कळली. पीस मोठा झाला होता, गोड झाला नव्हता. पिएझोचा तो प्लॅस्टिकसारखा टक-टक आवाज तितकाच वर आला होता, आणि खालची घूमही. सगळंच सारखं वाढवणारा बूस्ट कितीही स्वच्छ बनवला तरी मला पुरणार नाही. मला सुराचं मधलं अंग वर हवं आहे, खर्ज थोडा खाली, आणि टकटक जिथे आहे तिथेच.

म्हणजे बूस्ट नको, इक्यू पेडल हवा, खर्ज, मधलं आणि वरचं अंग वेगवेगळं कमी-जास्त करणारा. महिना गेला, साडेपाचशेच्या आसपास रुपये गेले. डबी ठेवून दिली आहे.

१४ डिसेंबर, रविवार

पुण्यात एकाकडे सात पट्ट्यांचा वापरलेला इक्यू पेडल होता. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो, रात्री तिनेच परत. बॉस कंपनीच्या जीई-७ या इक्यू पेडलसारखीच मांडणी, कंपनी दुसरी : १००, २००, ४००, ८०० हर्ट्झ, मग १.६, ३.२, ६.४ किलोहर्ट्झ, शेवटी लेव्हल. प्रत्येक पट्टी १५ डेसिबल वर, १५ खाली. चार हजार आठशेला दिला. घेण्याआधी त्याच्याच घरी प्रत्येक पट्टी वर-खाली करून खरखर ऐकली. ४०० ची थोडी खरखरत होती, त्यावर दोनशे कमी झाले.

घरी येऊन चूक केली. वायफायच्या जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, दिवा लागेना. छातीत धस्स झालं. बहुतेक पेडलना पिनच्या आत ऋण आणि बाहेर धन लागतं, राउटरचा होता उलटा. अडॅप्टरवर गोलाचं छोटं चित्र असतं, ते आधी बघायचं. पेडल जळला नाही हे नशीब. पेडलचा अडॅप्टर ३५० रुपये.

१८ डिसेंबर

चार दिवस रोज तासभर पट्ट्या. रीत अशी ठरवली की एका वेळी एकच पट्टी हलवायची, पिसाच्या त्याच चार ओळी वाजवायच्या, मोबाइलवर घ्यायच्या आणि अर्ध्या तासाने ऐकायच्या. लगेच ऐकलं की जास्त मोठं ते चांगलं वाटतं.

१०० खाली आणली की घूम जवळपास संपली, रबराचं झाकण काढूनसुद्धा. ८०० वर नेली की सूर पुढे आला, जणू गायकाच्या शेजारी येऊन बसला. टकटक ३.२ च्या आसपास सापडली, ती पट्टी खाली. ६.४ वर न्यायचा मोह झाला, चमक येते म्हणून. एकट्याने ऐकताना छान वाटतं, मंजिऱ्यांबरोबर ती चमक कुठेच सापडत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आमचं घर पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. दिवसभराच्या खटखटीत मी पट्ट्या लावल्या. काल रात्री माग थांबल्यावर सहज पेडल लावला तर स्पीकरमधून सळसळ, चुलीवर पाणी तापायला लागतं तशी. म्हणजे चारही दिवस ती होती आणि मला ऐकूच आली नव्हती. सभागृहात गायक थांबल्यावरच्या शांततेत ती पहिल्या रांगेला नक्की ऐकू गेली असती.

आज तीन गोष्टी केल्या. ६.४ शून्याच्या थोडी खाली. गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम पाऊणवर असायचा तो जवळजवळ पूर्ण केला, म्हणजे पेडलच्या सळसळीपुढे सिग्नलच मोठा आणि मिक्सरवर त्या मानाने कमी घ्यावं लागतं. तिसरं, पेडल फक्त पिसापुरताच लावायचा, स्ट्रोक त्याशिवाय. सळसळ संपली नाही, पण सुराखाली झाकली जाते आणि पीस संपला की पायाखाली बंद होते.

सध्याची मांडणी : १०० ची पट्टी ६ डेसिबल खाली, २०० ची ३ खाली, ४०० ची शून्यावर, ८०० ची ४ वर, १.६ ची २ वर, ३.२ ची ३ खाली, ६.४ ची २ खाली, लेव्हल ४ वर. दुसऱ्या गिटारवर हे जसंच्या तसं बसणार नाही. १००, ८०० आणि ३.२ या तीन पट्ट्यांपासून सुरुवात करा.

२८ डिसेंबर, रविवार

एका वाढदिवसाचा कार्यक्रम, साउंड दुसऱ्यांचं. पहिला पीस फाटला. पेडल बिघडला असं वाटून मी उरलेली गाणी बूस्टशिवाय वाजवली. घरी येऊन सगळं जोडलं तर स्वच्छ.

अण्णांना सांगितलं, त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं. साउंड चेकला मी स्ट्रोक वाजवून दाखवले, समोरच्याने त्यावर गेन (मिक्सरमध्ये येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) भरून ठेवला. मग मी पायाने अजून सिग्नल दिला, तो मावणार कुठे? मिक्सरवर लाल दिवा लागला असणार, बघायला त्यांना वेळ नव्हता. चूक माझी. आता साउंड चेकला आधी पेडल लावून जोरात पीस वाजवायचा, त्यावर गेन ठरवू द्यायचा, आणि मग पेडल बंद करून स्ट्रोक. डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरकडे नेणारी डबी) सिग्नल कमी करणारं पॅडचं बटण असेल तर ते कुठे आहे हेही आधी बघून ठेवायचं.

४ जानेवारी २०२६, रविवार

सिंथवाल्या दादांनी कॉम्प्रेसर दिला, स्ट्रोक एकसारखे येतात म्हणून. गिटार, इक्यू, कॉम्प्रेसर असा लावला. बूस्ट गेला. पाय मारला की रंग बदलतो, आवाज तेवढाच, कारण वाढवलेलं सगळं कॉम्प्रेसर दाबून टाकतो. उलटा क्रम केला, आधी कॉम्प्रेसर मग इक्यू, तर बूस्ट परत आला, पण सळसळही वाढली. कॉम्प्रेसर परत दिला.

१० जानेवारी, शनिवार

हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम, साउंड अण्णांचं. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची होम मैदानावर तयारी चालू, म्हणून रिक्षा लांबून फिरवून नेली आणि पाऊण तास आधी पोहोचलो. अण्णांना आधीच फोन करून सांगितलं होतं, त्यांनी माझा साउंड चेक सगळ्यांत पहिला घेतला, बूस्ट लावून.

चार पीस होते. पहिल्यात पाय अर्धी मात्रा उशिरा पडला, पहिले दोन सूर दबले. बाकी तीन लागले. तिसऱ्या गाण्यात पीस संपवून मी पाय उचलला आणि गायिकेने तोच शेवटचा सूर धरून अंतरा उचलला. रियाजात हे कधीच झालं नव्हतं, कारण तिला तो सूर तिथे ऐकूच येत नव्हता. मध्यंतरात तिने एवढंच विचारलं, "आज नवीन गिटार आहे का?"

११ जानेवारी, रविवार

रेकॉर्डिंग ऐकलं. पीस मंजिऱ्यांच्या वर आणि गायकीच्या जरासा खाली बसतो, हवा होता तिथे. चौथ्या पिसात लेव्हल थोडी जास्त वाटते. पिशवीतून पेडल काढून पाहिला तर लेव्हलची पट्टी ४ वरून ६ च्या जवळ सरकलेली, येता-जाता केबल दाबून बसली असणार. आज सगळ्या पट्ट्यांच्या जागा पांढऱ्या मार्करने आखून घेतल्या आणि पेडल मावेल एवढा कडक प्लॅस्टिकचा डबा शोधला. पायाचा उशीर मात्र पेडलने जाणार नाही. आजपासून मेट्रोनोम लावून, गिटार न घेता, नुसता पाय.